निळं नसलेलं पाणी

कोल्हापुरापासून समुद्र तसा फार लांब नाही, घाट उतरला की आलाच. तरीपण पाण्याखाली फोटो काढायचा नाद असलेला माणूस उद्यमनगरात लेथ चालवतो, असं कुणी सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यानं आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतला असता. वीरेशला याची सवय झाली होती. "समुद्रात जातोस व्हय?" असं कुणी विचारलं, की तो सरळ सांगायचा, "न्हाय, उचगावच्या विहिरीत." मग समोरचा जे हसत सुटायचा, त्याला आवरायला दुसरा माणूस लागायचा.

हसणाऱ्यांचा एवढाच दोष, की भर दुपारी विहिरीच्या तळाशी बसून त्यांनी कधी वर बघितलेलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं की हंबीररावाच्या त्या उचगावच्या विहिरीत उजेडाचा एक खांब उतरतो. वर उंबर आहे, त्याच्या मुळ्या पाण्यात सुटलेल्या आहेत, आणि त्या मुळ्यांमधून बोटाएवढे मासे सावकाश फिरतात. मोटर बंद असते. वरच्या जगाचा एकही आवाज खाली येत नाही. वीरेश लहानपणी पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगत्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधून याच विहिरीत पोहायला शिकला, आणि बिंडा सुटल्यावर वर पोहण्यापेक्षा खाली जाण्यातच त्याला जास्त गोडी वाटली. श्वास कोंडून तो खाली बसायचा आणि त्याला वाटायचं, हे जे दिसतंय ते कुणालातरी दाखवलं पाहिजे. नाहीतर उद्या आपलाच यावर विश्वास बसणार नाही.

म्हणून त्यानं डबा केला. कॅमेरा आत ठेवायचा आणि पाण्यात न्यायचा डबा. जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, कडेला अ‍ॅल्युमिनियम, आणि झाकणाखाली काळ्या रबराची रिंग. सगळा खेळ त्या रिंगेचा. तिच्यावर एक केस जरी राहिला, तरी पाणी आत शिरणार म्हणजे शिरणार. पहिले दोन डबे गळले. तिसऱ्याच्या वेळी विद्याश्री, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "अहो, इंटरनेटवर विचारूया की. जगात तुमच्यासारखं आणखी कोणीतरी असेलच."

आणि होतं! एक-दोन नव्हे, चांगलं शे-सव्वाशे माणसांचं मंडळ होतं. घरच्या घरी असले डबे करणारी, जगभरातली हौशी माणसं. ही दोन हजार एक सालची गोष्ट. राजारामपुरीतल्या नेट कॅफेत रविवारी दोघं शेजारी-शेजारी बसायची. वीरेश मराठीत सांगायचा, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली विद्याश्री टाइप करायची, आणि पलीकडून उत्तर आलं की ती वाचून दाखवेपर्यंत याला दम निघायचा नाही. वीरेशच्या आईनं, शांतादेवींनी, या सगळ्याला एकच नाव ठेवलं होतं: पाण्यातली तालीम. शिवाजी पेठेत राहणाऱ्या बाईला चार रिकामटेकडी माणसं एकत्र आली की दुसरं काय सुचणार?

मंडळात समुद्रवाल्यांचा तोरा मोठा. त्यांचे फोटो निळे असायचे. निळं पाणी, निळ्यात पिवळे मासे, निळ्यात लाल पोवळी. त्यांच्या शेजारी वीरेशच्या विहिरीचा शेवाळी हिरवा फोटो अंग चोरून उभा राहायचा. लोक चांगुलपणानं दोन शब्द लिहायचे आणि पुढं जायचे. एकदा मात्र फिनलंडमधल्या एका बाईनं लिहिलं, "तुमच्याकडे निळं नाही, माझ्याकडेही नाही. आमच्या तळ्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आहे. हिवाळ्यात वर बर्फ असतो आणि मी खाली जाते. आयुष्यात एकदा तरी निळा फोटो काढायची इच्छा आहे. तोवर आपण दोघं बिननिळ्यांची एक वेगळी ओळ करूया."

ती ऐनो. वयानं शांतादेवींच्या बरोबरीची. नवरा मार्टी बर्फाला पाडलेल्या भोकाशी दोर धरून उभा राहायचा आणि ही खाली जायची. वीरेशच्या डब्याचं गळणं तिनंच बंद केलं. रिंगेला वंगण किती लावायचं, झाकणाचे स्क्रू कुठल्या क्रमानं आवळायचे, डबा बंद करण्याआधी रिंगेवरून बोट फिरवून कसं बघायचं, हे सगळं तिनं शिकवलं. आणि एक गोष्ट तिनं अशीच बोलता-बोलता सांगितली होती. कधी कॅमेरा बुडालाच, तर फिल्म वाळवायची नाही. ओली ती ओलीच ठेवायची, पाण्यातून काढायची नाही, आणि तशीच धुवायला न्यायची. वाळली की स्वतःलाच चिकटली, आणि चिकटली की संपली.

बदल्यात कोल्हापूरनंही तिला एक गोष्ट दिली. नवा डबा कॅमेऱ्याशिवाय बुडवून बघायचा असतो. आत कागद ठेवतात, पण एखादा थेंब आला तर कागदावर पटकन दिसत नाही. अव्वानं, वीरेश आईला अव्वा म्हणायचा, देव्हाऱ्यातली विभूती कागदावर पसरून दिली. "ही घे. एक थेंब पडू दे, लगीच काळी पडती का न्हाय बघ." खरंच पडली. विद्याश्रीनं ते मंडळात लिहिलं, आणि ऐनोनं आपल्या चुलीतली राख वापरून बघितली. मग बाकीच्यांनीही. राखेच्या परीक्षेला मंडळात 'कोल्हापूर' असंच नाव पडलं. अव्वाला हे कळल्यावर तिनं निपाणीच्या बहिणीला मुद्दाम फोन लावला. ऐनोची चौकशी तर ती रोज करायची. "तुझी ती बर्फातली बाई काय म्हणती रं?"

त्या मंडळात एक प्रथा होती, फिरता कॅमेरा. एक जुना दणकट कॅमेरा, आत एक रोल. ज्याच्याकडे येईल त्यानं आपल्या पाण्यात तीन फोटो काढायचे, फिल्म तशीच आत ठेवायची आणि पुढच्याला पाठवायचं. कुणी काय काढलंय ते रोल संपेपर्यंत कुणालाच कळायचं नाही. दोन हजार तीनच्या वसंतात तो ऐनोकडे होता. तिच्यानंतर वीरेशचा नंबर, आणि तोच शेवटचा.

पार्सल श्रावणात आलं. वरचा पत्ता ऐनोच्या अक्षरात होता आणि कॅमेऱ्याला तिनं विणलेलं राखाडी लोकरीचं टोपडं होतं. अव्वानं ते गालाला लावून बघितलं. पण त्याच रविवारी कॅफेत विद्याश्री वाचता-वाचता थांबली. मार्टीनं लिहिलं होतं, ऐनो गेली. झोपेतच गेली. "तिचे शेवटचे तीन फोटो त्या रोलमध्ये आहेत. बर्फ वितळायच्या आधी ती एकदा खाली गेली होती. काय काढलं ते मला सांगितलं नाही, नुसती हसली. कोल्हापूरच्या मित्राला घाई नाही. मी वाट बघेन."

ज्या बाईचा चेहराही कधी बघितला नाही, तिच्यासाठी भर कॅफेत वीरेशच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

पावसात विहीर गढूळ असते. पाणी निवळेपर्यंत थांबणं भाग होतं. त्या दोन-अडीच महिन्यांत तो कॅमेरा वीरेशनं लहान लेकरासारखा जपला. लेथच्या धुळीपासून लांब, घरात, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात. माणूस गेलं, पण त्यानं शेवटी जे बघितलं ते त्या काळ्या डबीत अंधारात गुंडाळून बसलेलं आहे, आणि ते आपल्या घरात आहे, हे त्याला झोपेतही आठवायचं.

खंडेनवमी आली. उद्यमनगरात त्या दिवशी लेथ गप्प असतात. झेंडूच्या माळा, लिंबं, कोहळे, आणि एरवी काळ्या तेलात माखलेली माणसं पांढरीशुभ्र. हत्यारं पुजायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वीरेश कारखान्यातली पूजा करायला निघाला. दसऱ्याला दुपारी विहिरीत उतरायचं ठरलं होतं, म्हणून रिंग साफ करून, वंगण लावून, डबा त्यानं त्या सकाळीच तयार ठेवला होता. तो अव्वापुढं ठेवून म्हणाला, "अव्वा, हीबी हत्यारंच की. पूजा कर."

अव्वानं हळदी-कुंकवाचं तबक घेतलं आणि मग काहीतरी मनात येऊन सुनेला विचारलं, "ती बाई गेली, तिचा नवरा मागं हाय न्हवं?"

"हाय की, अत्ती."

"म्हंजी सवाशीण गेली. तिकडं तिचा मळवट कोण भरणार? त्यास्नी काय ठावं असणार?"

विद्याश्री स्वयंपाकघरात गेली. अव्वा एकटीच कोनाड्यापुढं बसली. लोकरीचं टोपडं काढून तिनं कॅमेऱ्याला हळद लावली, भरपूर कुंकू लावलं. मग उघड्या डब्यातली ती काळी गोल रिंग तिला दिसली. बाईमाणसाच्या हातातल्या बांगडीसारखी. तिलाही तिनं बोटानं हळद-कुंकू लावलं, अगदी हलकेच, आणि टोपडं पुन्हा घालून हात जोडले.

दसऱ्याला वीरेश विहिरीवर पोहोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टोपडं काढलं तर कॅमेऱ्यावर कुंकवाचा मळवट. त्याला बरंच वाटलं. तो पुसावा असं काही त्याच्या मनात आलं नाही. उजेडाचा खांब थोडाच वेळ टिकतो. त्यानं कॅमेरा आत ठेवला, झाकण लावलं, स्क्रू आवळले. रिंग काल साफ केलीच होती. बोट फिरवून बघायचं राहिलं.

पाणी सुरेख निवळलं होतं. तो खाली-खाली गेला, कान दुखायचे थांबले, आणि विहिरीनं त्याला नेहमीसारखं आत घेतलं. उंबराच्या मुळ्या उजेडात हलत होत्या. एक कासव दगडाच्या कपारीतून त्याच्याकडे बघत होतं, सासऱ्यानं जावयाकडे बघावं तसं. वीरेशनं पहिला फोटो काढला. श्वास घेऊन पुन्हा आला, दुसरा काढला. तिसऱ्या वेळी त्यानं कॅमेरा वर धरला, विहिरीचं गोल तोंड आणि त्यातलं आभाळ पकडायला, आणि कळ दाबली.

डब्यात, काचेच्या मागं, एक लाल धुराची रेघ उठत होती. अगदी सावकाश, वळत-वळत, वर जाऊन पसरणारी. इतकी देखणी, की तो क्षणभर बघतच राहिला. आपल्या बोटाला कापलं असंल, असं त्याला वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की हे आतल्या बाजूला आहे. हे कुंकू आहे. आणि कुंकू विरघळतंय, म्हणजे आत पाणी आहे.

डबा छातीशी धरून तो वर आला. हंबीरराव काठावर बसून तंबाखू मळत होता.

"काय झालं रं?"

"पाणी शिरलं. मेलो, हंबीरराव. तिचं फोटू हाईत त्यात."

"आरं, मग वतून टाक की पाणी, आन् ठीव उन्हात. तासाभरात वाळून खडखडीत हुतंय बघ."

वीरेशचा हातही झाकणाकडं गेला होता. कुणाचाही गेला असता. आणि मग त्याला ऐनोचं वाक्य आठवलं, विद्याश्रीच्या आवाजातलं. ओली ती ओलीच ठेवायची. तो जवळजवळ ओरडलाच, "न्हाय! वाळवायची न्हाय. पाणी दे. कशात तरी पाणी दे."

हंबीररावाची दुधाची किटली होती. तिच्यात विहिरीचं पाणी भरलं. वीरेशनं फिल्म गुंडाळून घेतली, अंगावरच्या टॉवेलच्या आडोशाला कॅमेरा उघडला आणि ती डबी पाण्यात सोडली. पाणी गुलाबी झालं. मग हंबीररावानं एम-एटी गाडी काढली, मागं वीरेश ओल्या चड्डीवर, मांडीवर किटली धरून. सगळं कोल्हापूर फेटे बांधून दसरा चौकाकडं निघालेलं, आणि हे दोघं उलट दिशेनं. ओळखीचे लोक हाका मारत होते, "आरं, दसऱ्याला दूध वाटतायसा व्हय?"

लॅबवाले ओला रोल मशीनला लावायला तयार होईनात. शेवटी पेठेतले स्टुडिओवाले गणपतराव, मशिनं यायच्या आधीपासून फिल्म धुणारे, नवी टोपी घालून सोनं लुटायला निघालेले दारातच गाठले. त्यांनी किटलीत डोकावून बघितलं.

"आजच बुडवायची हुती व्हय रं?"

"एका गेलेल्या बाईचं शेवटचं फोटू हाईत, गणपतराव."

गणपतरावांनी टोपी काढून खुंटीला लावली. एवढंच.

दिवेलागणीला वीरेश घरी आला. अव्वानं आपट्याचं पान त्याच्या हातावर ठेवलं आणि रिकाम्या किटलीकडं बघितलं. आतल्या कडेला लाल वर्तुळ उमटलं होतं.

"माझा हात नडला का रं, लेका?"

"न्हाय गं अव्वा. रिंगच जुनी हुती."

त्याला खोटं बोलता यायचं नाही, आणि अव्वाला ते पाळण्यातल्यापासून माहीत होतं. त्या दिवसापासून बर्फातल्या बाईचं नाव तिनं काढलं नाही. पूजेला बसली की कुंकवाच्या करंड्याशी तिचा हात जरा अडखळायचा. ते बघितलं की वीरेशला घास गोड लागायचा नाही.

मंडळाचा नियम होता. ज्याचा कॅमेरा बुडाला त्यानं कारण लिहायचं, म्हणजे बाकीचे शहाणे होतात. रविवारी विद्याश्री बटणांवर बोटं ठेवून बसली. वीरेश म्हणाला, "लिही, रिंग जुनी होती."

विद्याश्रीनं लिहिलं नाही. "ऐनोबाईंना असं लिहिलं असतं तुम्ही?"

समोरच्या चौकटीत कर्सर उघडझाप करत होता. या शे-सव्वाशे माणसांत आपली आई अडाणी ठरू नये, असं त्याला फार वाटत होतं. पण आईनं जे केलं होतं ते अडाणीपणाचं होतं का? त्या सगळ्या मंडळात ऐनोसाठी दुसऱ्या कुणी काय केलं होतं? दोन ओळींची हळहळ लिहिली होती, त्यानंही आणि बाकीच्यांनीही.

"लिही," तो म्हणाला. "आमच्याकडं नवरा मागं ठेवून बाई गेली, तर तिचं कपाळ कुंकवानं भरतात. माझ्या आईनं ऐनोचं कपाळ समजून कॅमेऱ्याला आणि रिंगेला कुंकू लावलं. आणि ऐनोनं शिकवलेलं असून मी बोट फिरवून बघितलं नाही. चूक माझी आहे. फिल्म ओलीच ठेवली होती, ते तिनंच शिकवलं होतं म्हणून. काय उरलंय ते अजून माहीत नाही."

एरवी भांडायला तयार असलेल्या मंडळात त्यावर कुणी एक अक्षर लिहिलं नाही. मार्टीनंही नाही.

फोटो त्यानंतर दोन दिवसांनी तयार झाले. वीरेशचे स्वतःचे तिन्ही गेले होते. फिल्मच्या गुंडाळीत ते सगळ्यात बाहेर, पाण्याचा पहिला मार त्यांनी खाल्ला. बाकीच्यांचे सगळ्यात आत, ते शाबूत राहिले; मधले ऐनोचे. गणपतरावांनी ते काउंटरवर एकेक करून मांडले आणि स्वतः चष्मा पुसत बाजूला झाले.

वर बर्फ होता, जाड, पण काचेसारखा, उन्हानं उजळलेला. त्यावर एक माणूस. तळवे बर्फाला टेकवून, गुडघ्यांवर बसून खाली बघणारा, त्याच्या हातात दोर. दुसऱ्या फोटोतही तोच. तिसऱ्यात त्यानं चेहरा अगदी बर्फाला लावलेला होता, खाली काही दिसतंय का बघायला. आणि तिन्ही फोटोंत त्याच्या भोवतीनं कडेकडेनं निळं पसरलेलं होतं. गर्द, स्वच्छ निळं, समुद्रवाल्यांच्या फोटोंतही वीरेशनं न बघितलेलं.

"हे निळं कुठलं?" त्यानं विचारलं. "तिच्या तळ्यात निळं न्हाय."

"हळद हाय ती," गणपतराव म्हणाले. "फिल्मला डाग बसला, धुतला तरी गेला न्हाय. निगेटिव्हवर पिवळं असलं की फोटूत निळंच येतंय."

विद्याश्रीनं ते फोटो कॅफेतून पाठवले. वीरेशनं खाली एवढंच लिहायला सांगितलं, की निळं कशाचं आहे. या वेळी मार्टीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. विद्याश्रीनं ते कागदावर मराठीत उतरवून घेतलं आणि दोघं घरी आली.

अव्वा उंबऱ्यात बसून पावटे सोलत होती. वीरेश तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरून, जवळ धरून बघितला.

"ह्यो तिचा मालक?"

"व्हय."

"आन् ती कुठं हाय?"

"ती न्हाय फोटूत, अव्वा. ती खालनं बघती हाय. हे तिला दिसतंय."

अव्वाचं बोट कडेच्या निळ्यावर थांबलं. "आन् हे?"

"ती तुझी हळद. पाणी तुझ्या कुंकवानंच शिरलं, अव्वा. मी खोटं बोललो. पण ते निळंबी तुझंच हाय."

"शिवा, शिवा," अव्वा म्हणाली. "मग त्याला सांगितलंस का?"

विद्याश्रीनं कागद उघडला. "तो म्हणतो, बत्तीस वर्षं मी वर दोर धरून उभा राहिलो. खाली ती काय बघते, हा विचार रोज करायचो. ती मला बघत होती, हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या आयुष्यात एक निळा फोटो तेवढा काढायचा राहिला होता. तुमच्या आईंना सांगा, तो झाला."

अव्वाच्या मांडीवरचे पावटे घरंगळून उंबऱ्यावर सांडले. तिनं ते गोळा केले नाहीत. फोटोतल्या त्या माणसाच्या वर, जिथं निळं सगळ्यात दाट होतं, तिथं तिनं कुंकू लावायचं बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"म्हंजी पोचलं की रं तिला," ती म्हणाली.